वाऱ्याची आकडेमोड आणि दिल्लीची शाई

अरविंद मार्गाने दक्षिणेकडे जाताना सफदरजंगाचा मकबरा उजव्या हातास मागे पडला, की एक विस्तीर्ण मोकळे मैदान लागते. दिल्लीत अर्धे आयुष्य काढलेल्या आम्हां मराठी मंडळींपैकीही फारच थोड्यांच्या ध्यानी असते, की हे मैदान म्हणजे एकेकाळचा विलिंग्डन विमानतळ होय. पालम पुढे आले आणि सफदरजंग मागे पडले. आता तर मेट्रोची गाडी आपल्याला ह्या परिसराच्या पोटाखालून घेऊन जाते आणि आपण वर्तमानपत्रातून डोकेही वर काढीत नाही. ह्या मैदानासमोर नागरी विमान खात्याचे तंत्रकेंद्र, आणि तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर, लोदी रस्त्यावर, मौसम भवन. वाऱ्याची आकडेमोड माणसाने कशी केली, आणि ती करताना आपल्या देशाला कोणत्या अडचणींतून जावे लागले, ह्या इतिहासाची दोन महत्त्वाची पाने ह्या दोन वास्तूंत लिहिली गेली आहेत. ती आज उलगडून पाहावीत असा आमचा मानस आहे.

हा विषय घेण्याचे निमित्त मात्र थोडे शरमिंदे करणारे आहे. येथील एका मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात जेवणानंतरच्या गप्पांत नेहमीप्रमाणे शिवकर बापूजी तळपदे ह्यांचे नाव निघाले. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडविले, ही आख्यायिका आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकलेली आणि दुसऱ्याला ऐकविलेली असते. आम्हीही ती मोठ्या रंगात सांगत होतो. कोपऱ्यात बसलेला एक तरुण अभियंता शांतपणे म्हणाला, "ते राहू द्या, काका. भारतात आखलेले आणि शेकड्याने बांधलेले पहिले विमान कोणी आखले, ते सांगा." मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. त्यात तीन निवृत्त उपसचिव होते, एक संरक्षण खात्याच्या लेखाशाखेत तीस वर्षे घालविलेले गृहस्थ होते, आणि आम्ही होतो. कोणासही उत्तर आले नाही. तरुणाने उत्तर सांगितले तेव्हा कळले, की तो मनुष्य कोल्हापूरकडचा, अस्सल मराठी होता.

तळपद्यांविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु विमान उडते की नाही हा श्रद्धेचा प्रश्न नव्हे, हिशेबाचा आहे. पंखाखाली किती उचल मिळते, किती ओढ मागे खेचते, वजन किती आणि जोर किती, ह्या चार आकड्यांचा मेळ बसला तर विमान उडते, न बसला तर उडत नाही. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्रावरील ग्रंथाची अशीच परीक्षा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली घेतली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या निष्कर्षाने खट्टू होण्याचे कारण नाही. तो निष्कर्ष काढण्याइतके वायुगतिशास्त्र आपल्या देशात रुजले होते, हीच अभिमानाची गोष्ट होय. आणि ते रुजविणाऱ्यांच्या पहिल्या पंक्तीत विष्णु माधव घाटगे हे नाव येते.

घाटग्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर भागातील हसूर येथे झाला. मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते जर्मनीत गटिंगेन येथे गेले आणि १९३६ साली त्यांनी लुडविग प्रांटल ह्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनकच. गटिंगेनच्या त्या विद्यापीठाचे नाव ज्ञानजगतात तेव्हा काशीसारखे घेतले जाई. कोल्हापूरच्या बाजूचा एक विद्यार्थी ह्या काशीस जाऊन थेट मुख्य आचार्यांच्या पायाशी बसतो, आणि शिकलेले घेऊन परत येतो, ही गोष्ट तळपद्यांच्या आख्यायिकेहून कमी रोमांचकारक आहे असे आम्हांस वाटत नाही. फरक इतकाच, की ती खरी आहे.

प्रांटलांनी केले काय, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. वाहत्या हवेची संपूर्ण समीकरणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिद्ध झाली होती. नाव्हिए आणि स्टोक्स ह्यांची नावे त्यांना दिलेली आहेत. पण समीकरण मांडणे निराळे आणि सोडविणे निराळे. ती समीकरणे अशी चिवट, की विमानाच्या पंखासारख्या साध्या दिसणाऱ्या आकारासाठीही कागदावर त्यांचे उत्तर निघत नसे. हवेचा चिकटपणा सोडून दिला, तर गणित सोपे होई; परंतु मग ओढ शून्य येई, आणि ओढ शून्य असलेले विमान स्वर्गातच उडणार! १९०४ साली हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत प्रांटलांनी एक छोटासा निबंध वाचला. त्याचा आशय असा, की चिकटपणाचा सारा खेळ पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात चालतो. त्या थराचा हिशेब वेगळा ठेवा आणि बाहेरची हवा चिकटपणाविना वाहते असे समजा. ह्या थरास सीमास्तर म्हणतात. एका कठीण हिशेबाचे दोन सोपे हिशेब करण्याची ही युक्ती होती, आणि तिने विमान आखणाऱ्याच्या हाती पहिल्यांदाच वापरता येईल असे गणित दिले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी पंखाच्या उचलीचाही असाच सुटसुटीत सिद्धान्त दिला. पंखावरची मोजकी ठिकाणे घ्यावीत, तितकी समीकरणे मांडावीत, कागद, पेन्सिल आणि स्लाइड रूल घेऊन बसावे, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर काढावे, अशी ही पद्धत होती.

हीच विद्या घेऊन घाटगे स्वदेशी आले. वालचंद हिराचंद ह्या सोलापूरच्या उद्योगपतींनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली होती. युद्धकाळात तेथे घाटग्यांच्या आराखड्यावरून दहा जण बसू शकतील असा ग्लायडर तयार झाला. १९४२ च्या डिसेंबरात भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याची धुराही प्रथम त्यांच्याकडेच होती. मग स्वातंत्र्य आले, आणि हवाई दलाच्या नव्या वैमानिकांना शिकविण्यासाठी स्वतःचे प्रशिक्षण विमान हवे असे ठरले. घाटगे व त्यांचे सहकारी ह्यांनी आखलेले हे दोन आसनांचे, धातूचे, खालच्या पंखाचे विमान एच. टी. २ ह्या नावाने ऑगस्ट १९५१ मध्ये कप्तान जमशेद मुन्शी ह्यांनी प्रथम उडविले. पुढे ते दीडशेहून अधिक बांधले गेले. आफ्रिकेत घाना देश स्वतंत्र झाल्यावर त्याचे हवाई दल उभारण्यास भारताने मदत केली, तेव्हा तिकडेही ही विमाने गेली. आणि आमच्या वाचकांसाठी म्हणून सांगतो, की ह्या विमानाने पहिली झेप घेतली तेव्हा नॉर्थ ब्लॉकमध्ये अर्थमंत्री म्हणून चिंतामणराव देशमुख बसत होते.

एच. टी. २ च्या आकडेमोडीत यंत्राचा भाग नव्हता. माणसे ओळीने बसून कोष्टके भरीत; एकाने काढलेला आकडा दुसरा ताडून पाही. ज्याचे उत्तर कागदावर निघत नसे ते वातविवरात, म्हणजे मंडळी ज्यास सरळ विंड टनेल म्हणतात त्यात, लाकडी प्रतिकृती ठेवून मोजले जाई. आणि जे तेथेही कळत नसे ते शेवटी वैमानिकाने आपला जीव पणास लावून शोधावयाचे असे. गणित, वातविवर आणि वैमानिक ही विमान आखण्याची त्रिस्थळी यात्रा होती. हिशेब जितका कच्चा, तितका भार वैमानिकावर अधिक. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे फार कठोर प्रत्यंतर येणार आहे.

आता आपण दिल्लीस परत येऊ. सफदरजंगच्या तंत्रकेंद्रात, बंगलोरच्या मानाने अगदी किरकोळ साधनसामग्रीत, पन्नाशीच्या दशकापासून एक सुरेख काम चालले होते. देशातील ग्लायडिंग क्लबांना लागणारे ग्लायडर परदेशातून आणण्याऐवजी येथेच आखावे, असे ठरले. एस. राममृतम् आणि पुढे के. बी. गणेशन् ह्यांच्यासारख्या अभियंत्यांनी ते काम केले. ह्या ग्लायडरांची नावे पाहिली म्हणजे पंचांग उघडल्यासारखे वाटते. १९५८ ची अश्विनी. नंतर १९६१ ची रोहिणी, १९६३ चा कार्तिक, मग भरणी, १९७० चे मृगशीर, १९७९ ची आर्द्रा. ग्लायडरांबरोबर त्यांनी इंजिनाचीही छोटी विमाने आखली, ती १९६७ ची रेवती आणि १९९० ची स्वाती. आपल्याकडचा शेतकरी मृग आणि आर्द्रा पाहून पेरणीचे ठरवितो. सरकारी अभियंत्यांनी आपल्या निर्मितीस नक्षत्रांची नावे द्यावीत, ह्यात केवळ कल्पकता नसून एक औचित्यही आहे. पाऊस आणणारा वारा आणि ग्लायडर उचलणारा वारा एकच.

ग्लायडर ही वायुगतिशास्त्राची सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे. विमानाला इंजिन असते; आखणाऱ्याच्या हातून पंखाचा आकार थोडा बिघडला, तर मोठे इंजिन लावून ती चूक झाकता येते. ग्लायडरला झाकावयास काही नसते. हजार फुटांवरून सोडल्यावर तो किती दूर जाईल हे उचल आणि ओढ ह्यांच्या प्रमाणावरच ठरते, आणि ते प्रमाण आखणाऱ्याची गुणपत्रिका जगासमोर मांडते. लाकूड, प्लायवुड, कापड आणि सरस ह्यांत घडविलेल्या त्या नक्षत्रमालेने कित्येक पोरांना प्रथम आकाश दाखविले. आज त्या कामाची आठवण दिल्लीत कोठेही सहजी दिसत नाही. सरकारी कामाची प्रकृतीच अशी, की यशस्वी झाले तर ते नित्याचे ठरते, आणि अयशस्वी झाले तरच त्याची फाइल जाड होते.

दिल्लीचा आणखी एक विसरलेला संबंध सांगतो. आज बंगलोरचे भूषण असलेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा जन्मली ती दिल्लीत, १ जून १९५९ रोजी. पी. नीलकंठन् तिचे पहिले संचालक. वर्षभरातच ती बंगलोरला गेली आणि तेथे म्हैसूरच्या महाराजांच्या राजवाड्याच्या तबेल्यात तिने आपला पहिला संसार थाटला. तबेल्यातून निघालेली ही प्रयोगशाळा पुढे स्वनातीत वेगाच्या वाऱ्याचे प्रयोग करू लागली. तिचे चार फुटी वातविवर १९६७ मध्ये सुरू झाले. ते वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण आपले पहिले लढाऊ जेट विमान त्यापूर्वीच सहा वर्षे उडाले होते.

ते विमान म्हणजे मरुत. दुसऱ्या महायुद्धातील नामांकित जर्मन विमानरचनाकार कुर्ट टांक हे १९५६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह बंगलोरला आले आणि भारतीय अभियंत्यांबरोबर त्यांनी हे विमान आखले. १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. दिसावयास अत्यंत देखणे, खालच्या उंचीवर स्थिर, आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर उपयोगी पडलेले. परंतु ज्या वेगासाठी ते आखले होते तो वेग त्यास कधीच लाभला नाही, कारण त्यास हवे ते इंजिन मिळाले नाही. विलायतेतील कंपनी अधिक जोराचे इंजिन विकसित करून देण्यास तयार होती. त्याचा खर्च भारताने उचलावा अशी तिची मागणी होती. दिल्लीने ती मान्य केली नाही. पैसा थोडा होता, परकीय चलनाची चणचण होती, हे सारे खरे. त्या जागी बसून आम्हीही कदाचित तीच टिपणी लिहिली असती. परंतु त्या टिपणीची किंमत पुढे कोणी चुकविली, हेही नोंदले पाहिजे.

पर्याय म्हणून असलेल्या इंजिनालाच मागून ज्वालेची जोड द्यावी असे ठरले. तशी जोड दिली की जोर वाढतो. पण मागच्या नळ्या मोठ्या होतात, त्यांना सामावून घेण्यासाठी विमानाचा मागील भाग रुंदावा लागतो, आणि मग त्या रुंद बुडामागे हवा नीट न मिळता भोवरे करते व विमानास मागे खेचते. जोर एका हाताने मिळाला आणि दुसऱ्या हाताने गेला, असा हा प्रकार. बुडामागची ही ओढ प्रांटलांच्या सुटसुटीत गणितात बसत नाही. तेथे सीमास्तर पृष्ठभागापासून सुटलेला असतो, आणि एका कठीण हिशेबाचे दोन सोपे हिशेब करण्याची युक्ती नेमकी तेथेच लंगडी पडते. पूर्ण समीकरणे सोडविणारे यंत्र तेव्हा आपल्याजवळ नव्हते. १० जानेवारी १९७० रोजी ह्या सुधारित मरुतची चाचणी घेताना ग्रुप कॅप्टन सुरंजन दास हे विमान कोसळून मृत्यू पावले. विमान का कोसळले आणि ओढ किती होती ह्यांचा थेट संबंध आम्ही जोडीत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. परंतु त्रिस्थळी यात्रेतील शेवटचे स्थान कोणते, ह्याची आठवण त्या नावाने आम्हांस दर वेळी होते. एकंदर १४७ मरुत बांधली गेली आणि त्यांच्या मागून त्यांच्या वंशातले दुसरे विमान आले नाही.

दरम्यान महाराष्ट्रात काय घडत होते? यशवंतराव चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस आले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत नाशिकजवळ ओझर येथे रशियन मिग विमाने बांधण्याचा कारखाना उभा राहिला. शेकडो मराठी घरांची चूल त्या कारखान्याने पेटविली, आणि त्याविषयी आम्हांस कृतज्ञताच आहे. परंतु परवान्यावर विमान बांधणे आणि विमान आखणे ह्यांत दुसऱ्याच्या पोथीवरून पारायण करणे आणि स्वतः ग्रंथ लिहिणे ह्यांइतके अंतर आहे. आराखडा बाहेरून आला म्हणजे पंख असा का, ह्या प्रश्नाला कारखान्यात जागा उरत नाही. उत्तर मिळते, उत्तर काढण्याची रीत मिळत नाही.

ही रीत आता बदलत होती, आणि तिचे मूळही पुन्हा गटिंगेनलाच सापडते. १९२८ साली कूरां, फ्रीडरिख्स आणि लेव्ही ह्या तिघा गणितज्ञांनी तेथे एक निबंध प्रसिद्ध केला. हवा असलेल्या जागेचे जाळ्यासारखे लहान लहान चौकोन पाडावेत, काळाचेही तुकडे करावेत, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात आकडे सरकवीत न्यावेत, ही कल्पना त्यापूर्वीच निघाली होती. लुइस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या रीतीने २० मे १९१० ह्या दिवसाच्या हवामानाचे सहा तासांचे भाकीत मागाहून करून पाहिले, आणि १९२२ साली ते प्रसिद्ध केले. उत्तर आले, की हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी तो जवळजवळ हललाही नव्हता. रिचर्डसन इतके प्रामाणिक, की आपला पराभव त्यांनी स्वतःच छापला. असे काम वेळेत करावयाचे तर ६४,००० माणसे एका प्रचंड सभागृहात बसवावी लागतील, असेही त्यांनी लिहून ठेवले. गटिंगेनच्या तिघांनी पुढे दाखविले, की काळाचा तुकडा जाळ्याच्या चौकोनाच्या मानाने मोठा घेतला तर आकडे बेताल होतात. ह्याचा अर्थ हिशेबनिसाच्या भाषेत सांगावयाचा तर असा: चित्र दुप्पट बारीक हवे असेल, तर लांबी, रुंदी आणि उंची ह्या तिन्ही दिशांनी चौकोन दुप्पट, म्हणजे आठपट होतात, आणि काळाचे तुकडेही दुप्पट करावे लागतात, एकूण काम सोळापट. चौसष्ट हजार माणसेही मग अपुरी. यंत्रच हवे.

ते यंत्र मिळविण्याची कथा आपल्याला लोदी रस्त्यावर घेऊन जाते. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ पासून पुण्यास होते. ते १९४४ मध्ये दिल्लीस आले. ऐंशीच्या दशकात मान्सूनचे मध्यम पल्ल्याचे भाकीत करण्यासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. मागितला त्यापेक्षा कमी ताकदीचा मिळाला, आणि तोही पुष्कळ घासाघीस झाल्यावर. १९८९ च्या सुमारास तो मौसम भवनाच्या आवारात नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्रात कामास लागला. देणाऱ्याची अट अशी होती, की त्याचा उपयोग हवामानापुरताच व्हावा, लष्करी कामास होऊ नये. वाचकहो, ह्या अटीतील विनोद पाहा. मान्सूनचा वारा आणि विमानाच्या पंखावरचा वारा एकाच कुळीतल्या समीकरणांनी बांधलेले आहेत. यंत्र तेच, गणित त्याच घराण्यातले. पण एका वाऱ्याचा हिशेब करण्यास परवानगी आणि दुसऱ्याचा करण्यास मनाई! सफदरजंगचे मैदान तेथून हाकेच्या अंतरावर होते, पण त्या यंत्राच्या लेखी ते जणू दुसऱ्या देशात होते.

मनाईने कधी कधी जे होते ते परवानगीने होत नाही. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत रोद्दम नरसिंह ह्यांच्या संचालकपदाच्या काळात, क्रे येण्यापूर्वीच, १९८६ मध्ये, यू. एन. सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक लहान संगणक एकत्र जोडून वाहत्या द्रवाची व हवेची समीकरणे सोडविणारे यंत्र तयार केले होते. त्याचे नावच फ्लोसॉल्व्हर, म्हणजे प्रवाह सोडविणारा. हैदराबादेस संरक्षण संशोधन संघटनेने त्याच हेतूने पेस नावाचे यंत्र हाती घेतले. आणि पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख विजय भटकर, अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. तीन वर्षांची मुदत आणि तीस कोटींची तरतूद घेऊन त्यांनी १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. एका बलाढ्य मेंदूऐवजी पुष्कळ साध्या मेंदूंना काम वाटून द्यावे, हे त्याचे तत्त्व. रिचर्डसनांच्या सभागृहातील हजारो माणसांची कल्पनाच ती. फक्त माणसांच्या जागी चिपा बसल्या. आणि ह्या वेळी, हेही कबूल केले पाहिजे, दिल्लीच्या शाईने होकार लिहिला होता.

हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे पुढे २००३ साली ज्यास तेजस हे नाव मिळाले त्याचा, प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला होता. ते शेपटीविना, त्रिकोणी पंखाचे, आणि मुद्दाम अस्थिर ठेवलेले विमान. संगणकाने क्षणोक्षणी सावरले तरच उडणारे. मरुतच्या काळी जो हिशेब करणे अशक्य होते तो आता करता येत होता. पंखाचा घाट, हवा आत घेणारी मुखे, बुडामागची ओढ ही सारी जाळ्याच्या चौकोनांत मांडून पाहता येत होती, आणि वातविवरातील आकड्यांशी ताडता येत होती. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, आणि उड्डाणाच्या नियंत्रणप्रणालीवर अमेरिकेत काम करीत असलेल्या आपल्या अभियंत्यांना परतावे लागले. उरलेले काम त्यांनी घरी केले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल ह्यांनी ते विमान प्रथम उडविले आणि सुखरूप उतरविले. मंजुरीपासून उड्डाणापर्यंत अठरा वर्षे लागली. ह्या विलंबावर दिल्लीत पुष्कळ विनोद झाले आणि त्यांपैकी काही आम्हीही केले. आज मागे पाहता वाटते, की मरुत आणि तेजस ह्यांच्यामध्ये एक सबंध पिढी आखण्याविना गेली. अठरा वर्षांतील पुष्कळशी वर्षे ती तुटलेली परंपरा पुन्हा सांधण्यात खर्ची पडली असली पाहिजेत. विद्या ही विहिरीसारखी असते. उपसा थांबला की पाणी धरत नाही.

घाटगे हे पाहण्यास उरले नव्हते. एच. टी. २ नंतर पुष्पक, कृषक, किरण अशा विमानांच्या मालिकेशी त्यांचे नाव निगडित झाले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्यात परम तयार झाला, हा निव्वळ योगायोग. पण स्लाइड रूल खाली ठेवणारा एक मराठी हात आणि महासंगणक उभारणारा दुसरा मराठी हात एकाच वर्षाच्या पानावर दिसावेत, हे आम्हांस मनोज्ञ वाटते.

पुढचे थोडक्यात. मध्यम पल्ल्याचे भाकीत करणारे ते केंद्र आज नोएडात आहे. २०२४ च्या सप्टेंबरात तेथे अरुणिका नावाचा आणि पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेत अर्क नावाचा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. म्हणजे १९४४ मध्ये पुण्याहून दिल्लीस आलेला वाऱ्याचा हिशेब आता दोन्ही ठिकाणी वाटून घेतला गेला आहे. आणि ओझरच्या ज्या कारखान्यात परक्या पोथीचे पारायण चालले होते, तेथे बांधलेले पहिले तेजस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात गेले. त्याच्या तीनच आठवडे आधी चंदिगडला शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला होता.

हे लिहून झाल्यावर आम्ही एका रविवारी सकाळी सफदरजंगच्या मैदानाच्या कडेने चालत मौसम भवनापर्यंत गेलो. वाटेत मनात विचार आला तो घाटग्यांचा नव्हे, आपल्या स्वतःचा. आपण विमाने आखीत नाही, समीकरणे सोडवीत नाही. आपण टिपणे लिहितो. परंतु हा सारा इतिहास चाळला, तर जागोजागी एखादी टिपणी दिसते. ग्लायडर येथेच आखावेत अशी एक. इंजिनाचा खर्च परवडत नाही अशी दुसरी. तीन वर्षे आणि तीस कोटी द्यावेत अशी तिसरी. टिपणी लिहिणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत, आणि ती नसावीत हेच आपल्या पेशाचे शील आहे. मात्र बाहेरून मिळते आहे तर घरी कशाला, हे वाक्य लिहिताना इतके तरी आठवावे, की मिळते ती वस्तू असते, रीत नव्हे. आणि रीत नसली म्हणजे राहिलेला हिशेब शेवटी कोणी तरी तरुण वैमानिक आकाशात एकटा पुरा करीत असतो.

त्या तरुण अभियंत्याला आम्ही हा लेख वाचावयास देणार आहोत. पुढच्या संमेलनात तळपद्यांची गोष्ट निघाली तर निघो; तिच्या पाठोपाठ हसूरच्या घाटग्यांचीही निघेल, एवढी काळजी मात्र आम्ही घेऊ.